विहिरीवरचा मंच

पायलला बघायला आलेली मंडळी चहा-फराळ करून उठली. चपला घालता घालता मुलाची आत्या शेवंताच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "पोट्टी चांगली आहे वो तुमची. पण खर्रा केव्हापासून खाते?"

शेवंताला आधी समजलंच नाही. "खर्रा?"

"तंबाखू-सुपारीनं रंगलेले दात सांगून राहिले ना. आमच्या घरी असलं चालत नाही."

त्यांची गाडी सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या काळ्या धुळीतून निघून गेली. शेवंता आत आली. पायल मोरीत कप विसळत बसली होती. शेवंताने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"लहानपणापासून सांगून राहिली, दात घास, दात घास! पोराची आत्या म्हणते, खर्रा खाते! आज मान खाली घालाले लावली न मले!"

पायल तेवीस वर्षांची होती, या हिंदी मुलखातच जन्मलेली. पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात साड्या दाखवायचं काम करायची. दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी पट्टे घेऊनच. शेवंताने मीठ लावून बघितलं, कोळसा लावून बघितला, बाभळीची काडी झाली, मोहरीचं तेल झालं. पाचवीत असताना पोरीने हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले होते. पट्टे जागचे हलले नाहीत. तेव्हापासून ती ओठ मिटूनच हसायची.

धपाटा खाऊन ती रडली नाही. हातातला कप तिने खाली ठेवला. "मैंने आज तक खर्रा नहीं खाया, आई. ये तुमको भी मालूम है. फिर बुआ को क्यों नहीं बोला?"

शेवंताने दुसरा कप उचलला आणि स्वतःच विसळायला लागली.

सुट्टीच्या दिवशी पायल कोणाला न सांगता सरकारी दातांच्या दवाखान्यात गेली. तिथे डॉक्टर अपर्णा होत्या, मूळच्या गोंदियाकडच्या. त्यांनी छोटा आरसा घालून एकेक दात पाहिला आणि विचारलं, "पाणी कुठलं पितेस?"

"पानी?" पायलला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "हँडपंप का. हमारी बस्ती में वही है."

"जन्मापासून?"

"हव."

"मग हा खर्रा नाही आणि घाणही नाही," अपर्णा म्हणाल्या. "खोल खडकातल्या पाण्यात फ्लोराईड असतं. थोडं असलं तर चालतं. जास्त असलं की लहान मुलांचे दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच खराब होतात. हा डाग वरून लागलेला नाही, आतून आलाय. जन्मभर घासलास तरी जाणार नाही."

पायल खुर्चीवर तशीच पडून राहिली. डॉक्टरांना वाटलं, ती आता रडेल. पण तिने विचारलं, "फिर इतने साल मुझे किसी ने बताया क्यों नहीं?"

अपर्णांनी हातमोजे काढले आणि विचारलं, "घरात कोणाची पाठ आखडते? गुडघे, मान?"

पायलच्या डोळ्यांसमोर बाबा आले.

धर्मपाल स्पंज आयर्नच्या, लोखंड बनवणाऱ्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती, पण चालायचा सत्तरीतल्या माणसासारखा. कोणी मागून हाक मारली की मान न वळवता सगळा देहच वळवायचा. वजन उचलून उचलून असं होतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं आणि ते त्याला पटलंही होतं. भट्टीवरच्या कितीतरी जणांचं तसंच होतं.

त्या संध्याकाळी पायल त्याच्यासमोर उभी राहिली. "बाबा, हनुवटी छातीले लावून दाखवा."

"काहून वो? कवायत घेऊन राहिली का?" धर्मपाल हसला आणि मान वाकवायला गेला. ती अर्ध्यातच अडकली. त्याने पुन्हा जोर लावला. कपाळावरची शीर तट्ट फुगली, पण हनुवटी आणि छातीमध्ये वीतभर अंतर राहिलं ते राहिलंच.

पायलने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. शेवंता चुलीपाशी बसून ऐकत होती. "पण मी तं पाणी उकळून देते," ती मध्येच म्हणाली. "लग्न झाल्यापासून एक दिवस चुकली नाही. बिमारी होऊ नये म्हणून सांगतलं होतं ना सगळ्याइनं, उकळून प्या, उकळून प्या."

"उकळल्यानं हे जात नाही, आई." पायलचा आवाज खाली आला. एरवी हिंदीत उत्तरं देणारी पोर आता मराठीत बोलत होती. "जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. म्हणजे आणखी वाढतं."

शेवंता चुलीकडे बघत राहिली. गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, उद्याचं पाणी उकळत होतं. ती उठली, पदराने गंज धरला, दाराबाहेर गेली आणि सगळं पाणी अंगणात ओतून आली. आत येऊन रिकामा गंज तिने जमिनीवर आपटला.

"मी पाजलं," ती म्हणाली. "मी माह्या हातानं पाजलं, अन् वरून घास घास म्हणून पोरीले मारलं."

धर्मपाल हळूच म्हणाला, "त्या पंपावर एकदा लाल फुली मारली होती."

"कोणी?"

"पाण्याच्या ऑफिसातला माणूस आला होता. पाणी घेऊन गेला, मग येऊन फुली मारली. काही सांगतलं नाही. आम्हाले वाटलं, दुरुस्तीची खूण असन. बाबासाहेबांच्या जयंतीच्या वक्ताले वस्तीच्या कमिटीनं सगळं रंगवलं, तं पंपही निळा रंगवला."

"तुम्ही रंगवला?"

"मी अन् आणखी दोघं."

शेवंता त्या रात्री नवऱ्याशी एक शब्दही बोलली नाही.

पायलने पाऱ्यातल्या, म्हणजे त्यांच्या वस्तीतल्या, पाण्याच्या सगळ्या जागांचे नमुने बाटल्यांत भरले. दोन हँडपंप होते आणि कारखान्याने टाकी बसवून दिलेली एक बोअर होती. अपर्णांनी ओळखीने ते सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेतले. तिन्ही जागांचं पाणी पिण्यालायक नव्हतं. कारखान्याची बोअर सगळ्यांत खोल आणि तिचंच पाणी सगळ्यांत वाईट.

"उथळ पाणी आहे का कुठे?" अपर्णांनी फोनवर विचारलं. "जुनी विहीर वगैरे? वरच्या थरात पावसाचं पाणी मुरतं, तिथे फ्लोराईड कमी सापडतं पुष्कळदा. पण तपासल्याशिवाय तेही प्यायचं नाही. तुमच्या भागात कारखान्यांची राख आहे, शिशासारखे धातूही बघावे लागतील."

पायलने आईला विचारलं आणि शेवंताचे डोळे एकदम मोठे झाले.

विहीर होती. तुमसरकडून लग्न होऊन ती इथे आली तेव्हा सगळा पारा त्याच विहिरीचं पाणी प्यायचा. तिचा थोरला मुलगा इंद्रजीत त्याच पाण्यावर वाढला. तो आता बिलासपूरला रेल्वेत होता आणि त्याचे दात पांढरेशुभ्र होते. हँडपंप आला तो पायलच्या जन्माच्या आदल्या वर्षी. दोर ओढण्यापेक्षा दांडा हलवणं सोपं, म्हणून बाया तिकडे वळल्या. मग विहिरीत कचरा पडायला लागला. एकदा कुत्रं पडलं. शेवटी कमिटीने वर्गणी काढून विहिरीवर स्लॅब टाकला आणि त्यावर मंच बांधला. चौदा एप्रिलला त्याच मंचावर भाषणं व्हायची, लहान मुलं नाच करायची. मंचाच्या मागच्या अंगाला एक लोखंडी झाकण तेवढं ठेवलं होतं, तेही गंजून बसलं होतं.

मायलेकी भर दुपारी तिथे गेल्या. पहारीसारखी सब्बल लावून झाकण उचकटायला शेवंताला बराच वेळ लागला. आतून कुबट, थंड वास आला. पायलने दोराला बाटली बांधून सोडली. बाटली पाण्याला लागल्याचा आवाज आला तेव्हा शेवंता गुडघ्यावर बसली होती. ती म्हणाली, "आहे. मायबाई, अजून आहे."

निकाल आला. फ्लोराईड मर्यादेच्या आत होतं. लोह थोडं जास्त होतं, विषारी धातू नव्हते. जंतू मात्र पुष्कळ. अपर्णा म्हणाल्या, "उपसा, गाळ काढा, ब्लीचिंग टाका, मग परत तपासू. जंतूंवर उपाय आहे. फ्लोराईड उकळून, गाळून जात नाही."

आता विहीर उघडायची तर मंच तोडायला हवा होता.

रविवारी वंदना झाल्यावर शेवंता विहारातच उभी राहिली आणि सगळं सांगितलं. कमिटीचे अध्यक्ष हिरालाल गजभिये पुढेच बसले होते. कारखान्यात सुपरवायझर, पाऱ्यात मान मोठा. मंच त्यांनी उभा केला होता, सुट्ट्या घेऊन, स्वतः सिमेंटची पोती खांद्यावर वाहून.

"वहिनी, तुमचं म्हणणं समजलं," हिरालाल म्हणाले. "पण नळ येऊन राहिला आहे. पाइप टाकले ना नगरपालिकेनं?"

"पाइपात सरडे राहून राहिले, भाऊ. दोन वर्षांपासून."

"वॉर्डाचे पार्षद बोलले आहेत, पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षापर्यंत पोट्टे काय पितीन?"

हिरालालांचा चेहरा लाल झाला. "म्हणून बाबासाहेबांच्या मंचाले हात लावता? लोकं काय म्हणतीन? आपल्याच हातानं आपला मंच फोडला?"

शेवंताचा आवाज चढला तो इतका, की बाहेर खेळणारी मुलं दारात येऊन उभी राहिली.

"बाबासाहेब तळ्यावर कायले गेले होते, भाऊ? भाषण द्याले? पाण्याले हात लावाले गेले होते! अन् तुम्ही त्याइच्याच नावानं पाण्यावर झाकण घातलं! वरून लोकं काय म्हणतीन इचारता? लोकाइले म्हणू द्या!"

"आवाज खाली करा."

"नाही करत! माह्या पोरीले खर्रा खाते म्हणून गेले लोकं, तेव्हा माहा आवाज खालीच होता!"

 तेवढ्यात मागून धर्मपाल उठला. उठायला त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. पाऱ्यातल्या सभेत तो कधी बोलत नसे.

"हिरालालभाऊ, मंचाचा मसाला मीच कालवला होता," तो म्हणाला. "पंपाची फुली मीच पुसली. मी कोणाले दोष देत नाही. फक्त एक करून पाहा. हनुवटी छातीले लावून पाहा."

"हे काय नाटक?"

"पाहा तं एकदा."

त्याने स्वतः करून दाखवलं. मान अर्ध्यात अडकली. मग कोणी काही न सांगता शेजारच्या माणसाने मान वाकवली. मग त्याच्या मागच्याने. काहींची हनुवटी छातीला सहज टेकली आणि ते चटकन इकडेतिकडे बघू लागले. बऱ्याच जणांची टेकली नाही. भट्टीवर काम करणारेच नाहीत, शाळेतले मास्तरही, शिवणकाम करणारी बाईही. हिरालाल ताठ बसून होते. त्यांची बायको लता बायकांच्या बाजूला होती. ती म्हणाली, "तुम्ही बी करा ना जी."

त्यांनी केलं नाही. चप्पल घालून ते निघून गेले.

सभेत ठराव झाला नाही. कमिटीतले बाकीचे म्हणाले, अध्यक्षांशिवाय कसं करायचं, अर्ज देऊ, पार्षदाला भेटू, बघू. शेवंताने ऐकून घेतलं. सकाळी ती धर्मपालचा घण घेऊन मंचावर चढली.

पहिला घाव घातला तेव्हा ती एकटी होती. सिमेंटचा एक टवका उडाला फक्त. तिने शिवी दिली आणि दुसरा घातला. मग पायल आली, कामावर न जाता. मग शिवणकाम करणारी बाई, मग शेजारच्या दोघी. घण एक होता, हात बदलत राहिले. त्या मारत होत्या आणि ओरडत होत्या. एक आपल्या मुलाच्या वाकलेल्या पायांचं नाव घेऊन मारत होती. एक फुली मारून निघून गेलेल्या त्या माणसाला शिव्या घालत होती. शेवंता नुसती मारत होती. तिच्या तळहातांना फोड येऊन फुटले होते. स्लॅबला पहिलं भोक पडलं आणि तुकडा खाली पाण्यात धप्पकन पडला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून धर्मपाल घरातून बाहेर आला.

जीप आली तेव्हा अर्धा मंच उरला होता. हिरालालांनी ठाण्यात तक्रार दिली होती, "शेवंता आणि इतर महिला" अशी.

ठाणेदार तरुण होता, आणि चिडलेला. "किसकी परमिशन से तोड़ा?"

"बंद किसकी परमिशन से किया था?" शेवंताने विचारलं. "वो बताओ पहले, भैया. कुआँ बंद करने वाले को जीप में बिठाया था क्या?"

त्याने सगळ्यांना जीपमध्ये बसवलं. ठाण्यात एकेकीचं नाव लिहून घेताना शिपायाने मान वर न करता विचारलं, "और कौन कौन?" तेव्हा दारातून आवाज आला, "मैं भी थी."

लता उभी होती. चालत आली होती, घामाघूम.

"तुम तो वहाँ नहीं थी," शिपाई म्हणाला.

"रस्त्यावर होती, घण हाती घेणार होती, तेवढ्यात तुमची जीप आली. लिहा. लता हिरालाल गजभिये."

शिपायाने तक्रारदाराचं नाव पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं. बातमी पाऱ्यात पोचली तशी दुपारी हिरालाल ठाण्यासमोर येऊन उभे राहिले. आत यायचं धाडस झालं नाही, घरीही जाववेना. संध्याकाळी बायांना सोडलं तेव्हा ते पुढे झाले. लता त्यांच्या बाजूने सरळ निघून गेली आणि शेवंताच्या रिक्षात बसली.

उरलेला मंच पुढच्या दोन दिवसांत पुरुषांनीच पाडला. विहीर उपसली. चिखलातून काय काय निघालं! बाटल्या, चपला, सायकलचं चाक, कुजलेल्या माळा, कोणाचा तरी पितळी तांब्या. ब्लीचिंग टाकलं, पाणी परत परत काढून टाकलं. काठ बांधला, वरून काळी धूळ पडू नये म्हणून जाळी आणि पत्रा बसवला. नमुना पुन्हा तपासला तेव्हा अपर्णांनी होकार दिला. पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं विहिरीचं, धुण्याभांड्यांना पंपाचं, असं ठरलं.

पहिला हंडा भरला त्या दिवशी कोणीतरी नारळ आणला होता, पार्षदाचा माणूस फोटो काढायला आला होता. शेवंताने त्याला काठापासून दूर व्हायला सांगितलं. तो हसून म्हणाला, "दीदी, अब तो गुस्सा थूक दो. पानी मिल गया ना."

"माह्या नवऱ्याची मान कोण देईल?" शेवंता म्हणाली. "माह्या पोरीचे दात? पाणी मिळालं नाही, भैया. आमचं होतं, ते आम्ही काढलं."

त्याला मराठी कळलं की नाही कोण जाणे. त्याने मोबाइल खिशात घातला.

धर्मपालला भट्टीवरून हलकं काम मिळालं. दुखणं थोडं कमी होईल, पण हाडांत जे बसलं ते निघणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शेवंता त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली, पण जयंतीचा विषय निघाला की उठून जायची. त्या वर्षीचा कार्यक्रम मैदानात सतरंज्या टाकून झाला. पायलने स्थळं बघणं बंद करायला लावलं. दुकानात एका गिऱ्हाईक बाईने दातांवरून टोकलं तेव्हा तिने साडीची घडी घालता घालता सांगितलं, "पानी से हुआ है, आंटी. आप कहाँ का पीती हो? जाँच कराया है कभी?" मालकीण तिला आत बोलावून रागावली. पायल म्हणाली, ठीक आहे, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एकीला तेच विचारलं.

केस मात्र चालू राहिली. हिरालालांनी तक्रार मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण आता प्रकरण सरकारचं आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. तारखेला ते लताला आणि आणखी एकीला स्वतः रिक्षाने कोर्टात घेऊन यायचे आणि बाहेर झाडाखाली थांबायचे.

तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, मंच तुम्ही तोडला का. वकिलाने शेवंताला आधीच बजावलं होतं, गप्प राहायचं, मी बोलतो. शेवंता उभी राहिली.

"तोड़ा है, साहब. नीचे पानी था."

वकिलाने कपाळावर हात मारला. न्यायाधीशांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. लिहिणाऱ्याने विचारलं, हे लिहू का. न्यायाधीश म्हणाले, आधी वकिलाला बोलू दे. वकील बोलला. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची पडली.

पायऱ्या उतरताना वकील रागाने म्हणाला, "ऐसे बोलोगी तो सज़ा हो जाएगी, बाई."

"होऊ द्या," शेवंता म्हणाली. "पण त्याइनं कागदावर लिहिलं पाहिजे, कायच्यासाठी झाली ते."

झाडाखालून हिरालाल पुढे आले. "वहिनी, मी..." असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. शेवंता थांबली नाही. लताने नवऱ्याच्या हातात आपली पिशवी दिली आणि दोघी बाया रस्ता ओलांडून रिक्षा बघायला गेल्या. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, एका घराला दोनच हंडे मिळत होते, आणि संध्याकाळची पाळी त्यांची होती.